श्रोते, प्रेक्षक, वर्गणीदार

टी.वाय.च्या स्पेशल इंग्लिशच्या मुली दरवर्षी पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, प्रत्येक एजचे पॉइंट्स द्याल का?" गाईडमध्ये इंग्रजी साहित्याच्या प्रत्येक कालखंडाचे असे मुद्दे असतातच. एलिझाबेथन म्हणजे नाटक, ऑगस्टन म्हणजे बुद्धिवाद, रोमँटिक म्हणजे निसर्गप्रेम, व्हिक्टोरियन म्हणजे नीतिमत्ता. यातलं खोटं काही नाही, पण हे पाठ करून त्या काळातली एक ओळही वाचावीशी वाटत नाही. म्हणून मी वर्गात एकच प्रश्न धरून चालते: हे लिहिलं गेलं तेव्हा समोर कोण होतं, आणि पैसे कोण मोजत होतं?

‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतल्या महाकाव्याच्या तीन हजारांवर ओळी कानासाठी रचलेल्या आहेत. शेवटी यमक नाही. ओळ मध्ये थांबते आणि दोन्ही भागांतले आघाताचे शब्द एकाच ध्वनीनं सुरू होतात. ऐकणाऱ्याला तेवढा आधार पुरतो. पुढे १०६६ मध्ये नॉर्मन आले, दरबार फ्रेंच बोलू लागला. इंग्रजीला पुन्हा मान मिळायला तीनेकशे वर्षं गेली. चौदाव्या शतकातला कवी चॉसर हा लंडन बंदरातला लोकरीच्या जकातीचा अधिकारी. रोज नाना तऱ्हेच्या माणसांशी गाठ पडत असणार, आणि ‘कँटरबरी टेल्स’मध्ये तीर्थयात्रेच्या वाटेवर त्यानं सरदार, गिरणीवाला, आचारी, नन अशी सगळी मंडळी एकत्र आणली.

एलिझाबेथन काळापाशी मी मुद्दाम रेंगाळते. शेक्सपिअरच्या नाटकमंडळीचं लंडनमधलं ग्लोब थिएटर १५९९ चं. मधला भाग उघडा, खेळ दुपारी, आणि एक पेनी देणारे प्रेक्षक रंगमंचाला भिडून उभे. आता ‘हॅम्लेट’चा पहिला प्रवेश वाचा. पहारेकरी विचारतो, कोण आहे? थोड्याच वेळात तोच सांगतो, बाराचे ठोके पडले. लगेच दुसरा कडाक्याच्या थंडीबद्दल बोलतो. भर दुपारच्या उजेडात मध्यरात्र उभी करायला जवळ शब्दांखेरीज फारसं काही नव्हतं. ‘समृद्ध प्रतिमासृष्टी’ हा जो पॉइंट आपण लिहितो, त्यामागे ही गरजही आहे. स्त्रियांच्या भूमिका मुलगे करत, म्हणून मुलगा बनून वावरणाऱ्या नायिका तिथे इतक्या सहज येतात. आणि हे सगळं छापून ठेवायची घाई कुणालाच नव्हती. शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला. १६२३ मध्ये त्याच्या दोन सहकारी नटांनी ३६ नाटकांचा फोलिओ, म्हणजे मोठ्या आकाराचा संग्रह, काढला. त्यातली निम्मी तोवर छापलेलीच नव्हती, ‘मॅकबेथ’सुद्धा. हे सांगताना मला दरवेळी धस्स होतं.

१६४२ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि पार्लमेंटनं नाट्यगृहं बंद केली. १६६० मध्ये राजा परतला तेव्हा नाटकही परतलं, पण छपराखाली, मेणबत्त्यांच्या उजेडात, महागड्या तिकिटांवर. आणि आता स्त्रिया रंगमंचावर आल्या. राजा परतल्यानंतरच्या या ‘रेस्टोरेशन’ काळातल्या कॉमेडीत उच्चभ्रूंचीच लग्नं आणि लफडी का, याचं उत्तर प्रेक्षागृहात बसलेलं होतं.

अठराव्या शतकावर मी फार वेळ घालवत नाही. अलेक्झांडर पोप या कवीची यमकबद्ध द्विपदी मला कौतुकास्पद वाटते, जवळची वाटत नाही. पण १७११ मध्ये सुरू झालेला ‘स्पेक्टेटर’ मात्र वाचायला लावते. रविवार सोडून रोज निघणारं, कॉफी हाउसमध्ये एकानं वाचून दुसऱ्याकडे सरकवायचं पत्र. निबंधाला गप्पांचा सूर तिथेच लागला.

रोमँटिक काळाशी ‘निसर्गप्रेम’ एवढाच शब्द जोडला की माझा विरोध असतो. वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांच्या १७९८ च्या ‘लिरिकल बॅलड्स’ या कवितासंग्रहात डोंगर-तळी आहेत, पण माणसं अधिक आहेत: वेडसर मुलगा, म्हातारा शिकारी, मूल गमावलेली बाई. १८०१ च्या जानेवारीत वर्डस्वर्थनं वाढवलेली आवृत्ती चार्ल्स जेम्स फॉक्स या राजकारण्याला पाठवली आणि सोबतच्या पत्रात ‘मायकेल’कडे लक्ष वेधलं. ही मेंढपाळाची कविता. मुलगा शहरात वाया जातो आणि बाप मेंढवाड्याच्या अर्धवट भिंतीपाशी जाऊन बसतो. भारी कपडे न घालणाऱ्या माणसांच्याही भावना खोल असतात, हे दाखवण्यासाठी ती लिहिली, असं त्यानं म्हटलं आहे. मला हा वाक्यभर खुलासा गाईडच्या दहा पानांपेक्षा मोलाचा वाटतो. फ्रेंच राज्यक्रांतीची धग त्यातच जाणवते.

व्हिक्टोरियन कादंबऱ्या एवढ्या जाड का, हा मुलींचा खरा प्रश्न. डिकन्सची ‘पिकविक’ १८३६ पासून महिन्याला एक शिलिंगच्या भागांत निघाली. पुस्तकरूपातली नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत, किंमत साडेएकतीस शिलिंग. विकत कोण घेणार? लोक मुडीच्या लायब्ररीची वर्षाची वर्गणी भरत, आणि एका वेळी एक खंड मिळे. एकच कादंबरी एकाच वेळी तीन वाचकांना देता येई, म्हणून तीन खंड लायब्ररीच्या सोयीचे. घरातल्या सगळ्यांनी वाचायचं, म्हणून मुडी आक्षेपार्ह पुस्तकं ठेवत नसे. ‘व्हिक्टोरियन नीतिमत्ता’ काही अंशी या वर्गणीतून आली. १८९४ मध्ये लायब्ऱ्यांनीच तीन खंडांकडे पाठ फिरवली आणि कादंबरी बघता बघता सडपातळ झाली.

१९२२ ची जॉइसची कादंबरी ‘युलिसिस’ आणि एलियटची कविता ‘द वेस्ट लँड’ मोजक्या वाचकांसाठी होत्या. ‘द वेस्ट लँड’च्या इंग्लंडमधल्या आवृत्तीचे छपाईचे खिळे कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फनं स्वतःच्या हातानं जुळवले.

आपल्याकडे हे कालखंड असे रांगेनं आले नाहीत. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून कादंबरी क्रमशः दिली. केशवसुतांची ‘तुतारी’ १८९३ ची. इंग्लंडात ‘हॅम्लेट’पासून ‘पिकविक’पर्यंत सव्वादोनशेहून अधिक वर्षं आहेत, इथे एलिझाबेथन नाटक, रोमँटिक कविता आणि व्हिक्टोरियन कादंबरीचे संस्कार दहा वर्षांत पोचले. माझ्या मुलींना शेक्सपिअर, वर्डस्वर्थ आणि डिकन्स एकाच पिढीचे वाटतात तेव्हा मी आधी फळ्यावर मराठी साहित्यातली ही तीन सालं लिहिते.