तुम्ही विचारलंत म्हणून: लेक आता बोलते का?

जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, हळदीकुंकवाला, शाळेच्या गेटवर, हा प्रश्न मला सगळीकडे विचारला जातो आणि विचारणारी माणसं मायेनेच विचारतात. माझी धाकटी लेक घरात दिवसभर बडबडते, भावाशी भांडते, आजीला मालिकेची गोष्ट रंगवून सांगते. पण घराबाहेर पडलं की तिचा आवाज बंद व्हायचा. शाळेत ज्युनियर केजीचं अख्खं वर्ष ती एक शब्द बोलली नाही. याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. आता ती दुसरीत आहे. अलीकडे विचारणाऱ्यांमध्ये अशाच मुलांचे आईवडीलही असतात, म्हणून नुसतं हो किंवा नाही म्हणून पुढे जाववत नाही.

माझं उत्तर असं आहे: कोणाशी, कुठे आणि किती जणांसमोर, ते सांगा, मग सांगते. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीशी ती तिच्या घरी मोकळी बोलते, वर्गात तिच्याच कानात कुजबुजते. वर्गशिक्षिकेशी रिकाम्या वर्गात पूर्ण वाक्यात बोलते, भरल्या वर्गात एका शब्दात. व्हॅनवाल्या काकांना अजून फक्त हात हलवते. लोकलच्या लेडीज डब्यात तिचा आवाज खणखणीत असतो, कारण तिथल्या गलक्यात तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, पण कांदिवलीला ओळखीचं कोणी चढलं की मध्येच थांबते. अशी सगळी नोंद आम्ही एका वहीत ठेवतो. माणूस, जागा, आजूबाजूला किती जण, आणि आवाज कुठवर आला. पुढची पायरी कोणती ते त्या वहीतून कळतं. नुसतं ‘बोलते’ किंवा ‘बोलत नाही’ म्हटलं तर काहीच कळत नाही.

त्यानंतर बहुतेक वेळा येतं ते म्हणजे, ‘घरी येतं ना बोलता, मग हट्टच की!’ हट्टी मूल काहीतरी मिळवण्यासाठी गप्प बसतं. माझ्या लेकीला गप्प बसून काय मिळत होतं? लघवीला जायचंय हे सांगता येत नव्हतं, म्हणून ती शाळेत पाणीच प्यायची नाही. बाटली भरलेली परत यायची. एकदा गुडघा फुटला होता ते घरी मोजे काढताना कळलं. कोणी काही विचारलं की तिचा चेहरा कोरा व्हायचा, मान ताठ, हात अंगाशी घट्ट. फार घाबरलं की काही जण पळतात, काही अंगावर जातात, काही जागच्या जागी गोठतात. ही गोठायची आणि तिच्याबरोबर तिचा गळाही. शब्द आत तयार असायचे, ते बाहेर येत नव्हते.

डॉक्टरांनाही हे उमगायला वेळ लागला. जर्मन डॉक्टर अडोल्फ कुसमाउल यांनी 1877 मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिलं तेव्हा ते आपल्या मर्जीने गप्प राहतात असंच मानलं होतं. हा समज शंभरहून जास्त वर्षं टिकला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत 1994 च्या आवृत्तीत मूल बोलायला नकार देतं ही कल्पना मागे पडली आणि 2013 च्या आवृत्तीत हा त्रास चिंतेच्या विकारांमध्ये धरला गेला. त्यामुळे घरातल्या मोठ्यांनी हट्ट म्हटलं तर मला राग येत नाही. माझ्या सासूबाईंनी गावाहून वेखंड आणलं होतं, उगाळून जिभेला लावायला. मी त्यांना एवढंच म्हटलं, ‘आई, तिची जीभ चांगली आहे, तुमच्याशी किती बोलते बघा. तिला भीती वाटते.’ त्यांना ते पटलं. नंतर पाहुण्यांना सगळ्यात छान समजावून सांगणाऱ्या त्याच ठरल्या.

मुंबईत आणखी एक गुंता असतो, तो भाषेचा. घरात मराठी, खाली खेळताना हिंदी, शाळेत इंग्रजी. नवी भाषा कानावर पडू लागली की काही मुलं थोडे महिने ऐकतच राहतात, ते स्वाभाविक आहे. म्हणून शाळेचा पहिला महिना निदानात धरत नाहीत, आणि भाषा येत नाही एवढ्यावरून हे निदान करत नाहीत. आमच्याकडे खूण स्पष्ट होती. मराठी बोलणाऱ्या शेजारीणबाईंशीही ती बोलत नव्हती, आणि इंग्रजी कविता घरी तोंडपाठ म्हणत होती. तरी ऐकू नीट येतं ना, उच्चार ठीक आहेत ना, हे आधी तपासून घ्यावं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत श्रवण आणि वाचा दोन्हींची तपासणी होते. पुढे बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांबरोबर काम करणारे मानसशास्त्रज्ञ हवेत. खासगीत परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन इथल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. जाताना फोनमध्ये मुलाचा घरी बोलतानाचा एक छोटा व्हिडिओ असू द्या, मात्र तो मुलाला सांगून काढा. डॉक्टरांसमोर मूल बोलणारच नाही, आणि तो व्हिडिओ पाहिला की समोरच्याचा सूर बदलतो.

आता घरचं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. लिफ्टमध्ये कोणीतरी विचारतं, ‘काय गं, नाव काय तुझं?’ मूल गोठतं. आई पटकन नाव सांगते आणि म्हणते, ‘लाजते जरा.’ सगळ्यांची सुटका होते, मुलाचीही. आणि त्या सुटकेतून मूल शिकतं की गप्प राहिलं की संकट टळतं. असं दिवसातून कितीतरी वेळा घडत राहतं आणि गप्प राहणं घट्ट होत जातं. उलट ‘बोल ना, सांग ना काकूंना, नाहीतर चॉकलेट नाही’ असं रेटलं की भीती आणखी वाढते. या दोन्हींच्या मधली वाट आम्हाला शिकवली गेली. प्रश्न आला की मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे आणि काही बोलायचं नाही. ते पाच सेकंद लांबलचक वाटतात. समोरची व्यक्ती अस्वस्थ होते, तिच्याकडे बघून हसायचं. मग प्रश्न सोपा करून आपण विचारायचा, ‘तुझा फ्रॉक लाल आहे की निळा?’ दोनांतला एक शब्द निवडणं सोपं असतं, आणि त्याला नुसती मान हलवून उत्तर देता येत नाही. पुन्हा थांबायचं. आला शब्द तर उत्तम, नाही आला तर ‘बरं, नंतर सांग’ म्हणून विषय सोडायचा. तिच्यावतीने उत्तर द्यायचं नाही आणि रागवायचंही नाही.

शब्द आला की टाळ्या वाजवायच्या नाहीत. ‘अय्या, बोलली!’ हे ऐकून मुलं पुन्हा शिंपल्यासारखी मिटतात, कारण सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळणं हीच तर त्यांची भीती. तिने निळा म्हटलं तर ‘हो, निळा, आकाशासारखा’ म्हणून बोलणं पुढे न्यायचं. शाबासकी नंतर घरी, एकटीला. पाहुणे आले की पहिली दहा मिनिटं तिला काहीही विचारू नका असं मी आधीच फोनवर सांगून ठेवते. शेजारी बसा, ती काय चिकटवते आहे ते बघा, त्याबद्दल तुम्हीच बोला. इतकं केलं तरी पुष्कळ होतं.

गणपतीत एक गोष्ट लक्षात आली. आरतीला घर भरलेलं असताना ती सगळ्यांबरोबर म्हणत होती, अगदी मोठ्याने. सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळला की तो एकट्याने उघडा पडत नाही. हे आम्ही शाळेला सांगितलं आणि पाढ्यांपासून सुरुवात झाली: आधी सगळ्या वर्गाबरोबर, मग बाकावरच्या तिघींबरोबर, मग एका मैत्रिणीबरोबर. मंडळाच्या स्टेजवर मात्र तिला एकटीला चढवू दिलं नाही. दरवर्षी कोणीतरी प्रेमाने आग्रह करतं आणि दरवर्षी मी ठामपणे नाही म्हणते.

शाळेतला खरा बदल ज्या पद्धतीने झाला ती पद्धत ब्रिटनमधल्या मॅगी जॉन्सन आणि ॲलिसन विंटजेन्स या वाचा-उपचारतज्ज्ञांच्या कामातून बरीच पसरली आहे. ती समजायला सोपी आहे, फक्त धीर लागतो. शाळा भरण्याआधी रिकाम्या वर्गात मी आणि लेक सापशिडी खेळायला बसायचो. फासा टाकला की आकडा मोठ्याने म्हणायचा, एवढाच नियम. गप्पांपेक्षा आकडे सोपे, कारण त्यात स्वतःबद्दल काही सांगायचं नसतं. ती माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोलू लागली की टीचर बाहेरच्या पॅसेजमधून जायच्या. मग दाराशी उभ्या राहून वह्या चाळायच्या, पाठमोऱ्या. मग आत, दूरच्या बाकावर. लेकीचा आवाज बंद झाला तर टीचर एक पाऊल मागे. पुढे त्या शेजारच्या बाकावर आल्या आणि एक दिवस त्यांनीही फासा टाकला. त्यानंतर मी हळूहळू बाहेर सरकत गेले, आणि जिथे मी होते तिथे मैत्रीण आली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: माणूस नवीन असेल तर जागा जुनी, जागा नवीन असेल तर माणूस जुना. हा नियम मोडला की गाडी अडते.

पन्नासहून अधिक मुलं सांभाळणाऱ्या टीचरकडे यासाठी वेळ कुठून येणार, असं पालक मला विचारतात. रोज नाही, आठवड्यातून काही वेळा, दहा मिनिटं पुरतात. आणि काही सोयींना वेळ लागतच नाही. हजेरीला हात वर केला तरी चालेल. बाकावर एक लाल कार्ड, ते उलटं ठेवलं की लघवीला जायचंय. वाचनाची तोंडी परीक्षा घरी रेकॉर्ड करून पाठवायची, पुढच्या वेळी रिकाम्या वर्गात टीचरसमोर. या सोयी जिन्यासारख्या वर चढत जायला हव्यात. कार्डावरच वर्षं गेली तर काही उपयोग नाही. वर्गातलं कोणी ‘टीचर, ही बोलत नाही’ म्हणालं तर टीचरने सहज म्हणावं, ‘घरी पुष्कळ बोलते, इथेही बोलेल.’ नाहीतर मुलाची तीच ओळख बनते, आणि पुढे बोलता येऊ लागलं तरी सगळे चमकतील या भीतीने ते बोलत नाही. बोलली नाही म्हणून उभं करणं, वर्गासमोर हिणवणं हे तर करायचंच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या, 2009 च्या, कलम 17 मध्ये मुलांच्या शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी आहे. मला ते कलम कोणाला दाखवावं लागलं नाही, पण पालकांना ते माहीत असावं.

औषधाबद्दलही विचारतात. काही मुलांची भीती इतकी मोठी असते की पायऱ्या चढायलाच सुरुवात होत नाही. अशांना बालमानसोपचारतज्ज्ञ काही काळ औषध देतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आम्हाला लागलं नाही, एवढंच. ‘मोठी झाली की आपोआप बोलेल’ यावर मात्र विसंबू नका. वाट बघत बसलं तर गप्प राहण्याची सवय पक्की होते, आणि बोलायला लागलेल्या मुलांतही चारचौघांची भीती मागे उरू शकते. लहानपणी सुरू केलेलं काम सोपं जातं.

सध्या आम्ही दोन गोष्टींवर आहोत. एक, स्टेशनरीच्या दुकानात ‘पेन्सिल’ हा एक शब्द. मी शेजारी उभी, दुकानदारदादांना सगळं माहीत आहे, ते पेन्सिल हातात धरून थांबतात. दुसरी गोष्ट जूनची. तिसरीला टीचर बदलणार, म्हणून सुट्टी लागायच्या आधी जुन्या आणि नव्या टीचरना एकत्र भेटायचं ठरलंय. वहीतली दोन पानं उतरवून द्यायची आहेत, आणि शाळा उघडण्याआधी एक सकाळ नव्या वर्गात सापशिडी घेऊन बसायला परवानगी मागितली आहे.