पाच वर्षांची मुदत

बँकेतल्या ठेवीची मुदत पाच वर्षांचीच ठेवली. व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म भरून दिला, पावती कपाटात गेली, तरी दुपारपासून जिवाला स्वस्थता नाही. जेवणही धड गेलं नाही.

बँकेतला मुलगा चांगला आहे. पासबुक स्वतः उठून भरून आणतो, कुंदाच्या गुडघ्याची चौकशी करतो. आज माझा फॉर्म बघितला आणि म्हणाला, "काकू, पाच वर्षं कशाला? एका वर्षाचीच करा ना." मी म्हटलं, "पाचच." त्याने मान हलवली आणि टाइप करायला लागला. बस, एवढंच. आवाजात काही वावगं नव्हतं. उलट काळजीच होती, आणि तीच मला लागली.

घरी येईपर्यंत वाटत होतं, व्याजाचा काही हिशेब असेल. पण हिशेब तर माझ्या बाजूने आहे. ठेवींचे दर ज्याच्यामागे हलतात तो रिझर्व्ह बँकेचा रेपो दर २०२५ च्या फेब्रुवारीपासून उतरायला लागला, ६.५ चा जूनपर्यंत ५.५ वर आला. दर खाली येत असताना मिळतोय तो जास्त वर्षांसाठी बांधून ठेवावा, हे बँकेत बसणाऱ्याला मी सांगायला हवं का? मध्येच मोडायची वेळ आली तर थोडं व्याज कापतील, तेवढंच. मग राहिलं काय? माझं वय. त्याने फॉर्मवरची जन्मतारीख बघितली आणि मग मुदत बघितली. त्या दोन रकान्यांमध्ये त्याच्या मनात जे आलं, ते मला स्पष्ट दिसलं.

पोस्टात असं कुणी विचारत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना मुख्यतः साठीच्या पुढच्यांसाठी काढलेली, आणि तिची मुदतच पाच वर्षांची. वर तीन-तीन वर्षं वाढवून मिळते. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली, तेव्हा मी त्यात ८.२ टक्क्यांनी पैसे ठेवले. दर तिमाहीला व्याज खात्यात येतं, औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्स त्यातून भागतो. म्हणजे सरकारने माझ्यासारख्यांची पाच अधिक तीन वर्षं गृहीत धरली आहेत. आणि हा पंचवीस-सव्वीसचा मुलगा मला एक वर्ष देतो.

मिलिंदही हल्ली असंच बोलतो. "आई, आता कशाला?" नवी गादी कशाला, मोठा कुकर कशाला. त्याला दुखवायचं नसतं, हे मला कळतं. ह्यांचं नाव नसलेली ही पहिलीच पावती. त्यावर आज लिहीत नाही.

हे पैसे कशासाठी आहेत, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. निम्मे नातीच्या शिक्षणाला, तेव्हा ती बारावी होईल. पण दरवर्षीचं व्याज मी माझ्या फिरण्यासाठी धरलंय. मला परत रामेश्वरला जायचंय. एलटीसी, म्हणजे सरकारी नोकरीतली प्रवास सवलत, घेऊन गेलो होतो, चार वर्षांच्या ब्लॉकमधली ती एक सवलत सोडायची नाही असा ह्यांचा निश्चय. पांबनच्या पुलावर गाडी इतकी हळू चालली की बरोबर कुणी चाललं असतं तर पुढे गेलं असतं. दोन्हीकडे समुद्र, खाली बघितलं तर पाणीच. तो पूल १९१४ सालचा. खालून बोटी जायच्या असल्या की माणसं हातांनी कळ फिरवून त्याचे दोन पंख वर उचलायची. मिलिंद खिडकीच्या गजांना नाक लावून बसला होता. हे मात्र डोळे मिटून, पुटपुटत. पोहता येत नव्हतं ना. तो पूल २०२२ च्या डिसेंबरात गाड्यांना बंद झाला, आणि २०२५ च्या रामनवमीला शेजारी नवा सुरू झाला. त्याचा मधला गाळा सबंध सरळ वर उचलला जातो म्हणे. ते मला डोळ्यांनी बघायचंय.

रेल्वेच्या तिकिटात बायकांना पन्नास टक्के सवलत होती तेव्हा, अठ्ठावन्न झाल्यावर, खूप जायला हवं होतं. मार्च २०२० मध्ये ती गेली ती गेलीच. असो.

संध्याकाळी कमला नेहरू पार्कात दोन फेऱ्या मारताना नोकरीतला ट्रंक बोर्ड आठवला, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल जोडून द्यायचा. तेव्हा तीन मिनिटांचा कॉल असायचा. तीन मिनिटं भरली की मी लाइनवर जाऊन विचारायचे, "वाढवायचंय का?" पलीकडे कुणाचं लग्न ठरत असेल, कुणाचे वडील गेले असतील, कुणी नुसतंच रडत असेल. आम्हाला घड्याळ दिसायचं. कामच ते होतं. कुणी म्हणायचं, "वाढवा, वाढवा," आणि मी पुढची तीन मिनिटं कॉलच्या नोंदीच्या टिकिटावर लिहायचे. त्यांनी का वाढवली, हे मनातही यायचं नाही. त्या मुलालाही दोन रकाने दिसले, त्याने विचारलं, मी सांगितलं, त्याने लिहिलं. त्याच्याबद्दलचा राग पार्कातून निघेपर्यंत उतरला होता.

वयाची गोष्ट मात्र उतरली नाही. पावतीवर २०३१ लिहिलंय. मी तो आकडा दिवसभरात पुन्हा पुन्हा कपाट उघडून बघितला. त्या साली मी असेन की नाही, हे ना त्याला ठाऊक ना मला. नसले तर नॉमिनी आहे, मिलिंदला पैसे मिळतील. असले तर मला मिळतील. दोन्हीपैकी काहीही झालं तरी पाच वर्षांची मुदत योग्यच आहे. मला एका वर्षाची पावती नको होती. दर वर्षी तिथे जाऊन मी अजून आहे असं सांगायचं? ते तर नोव्हेंबरात पेन्शनसाठी सांगतेच.

रात्री कुंदाला फोन केला. रामेश्वर म्हटल्यावर ती आधी गुडघा म्हणाली, मग तिकिटांचं विचारलं. आता आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा आहे, त्यातून दोघींना मिळायला हरकत नाही. चेन्नईत एक रात्र थांबू, सलग प्रवास तिला झेपणार नाही. जानेवारी बरा, तिकडे तेव्हा ऊन कमी. ती मुलाला विचारते म्हणाली. मी म्हटलं, विचारू नकोस, सांग.