कराराचा कोरा रकाना
आज साताऱ्यात राजवाड्याजवळ दोन नवी लिहिणारी मुलं पुस्तकाचा करार दाखवायला आली. मुदतीचा रकाना कोरा! कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हक्क ५ वर्षांसाठी दिले असं धरतात, प्रदेश नसेल तर भारतापुरते. तरी कोरं काही सोडू नका. रॉयल्टी छापील किमतीवर की प्रत्यक्ष विक्रीवर, आवृत्ती किती प्रतींची, ई-बुक आणि ऑडिओचे हक्क कुणाकडे, हे लिहूनच घ्या, कारण भांडणं नेमकी इथेच होतात.

मराठीत लेखकासाठी प्रकाशक शोधणारे एजंट जवळपास नाहीतच. थेट संपादकाला पाठवा. दिवाळी अंकाची कथा जूनपर्यंत, युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा टायपिंगमध्ये) पाठवा. मानधन आधी विचारा, त्यात लाज कसली? पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना जरूर बघा.