मागच्या पानांवरून

हौशी रेडिओची, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून बिनतारी संदेश पाठवणाऱ्यांची, जुनी मासिके आता घरबसल्या फुकट वाचता येतात. कामाचा माणूस याला ज्ञानाची सोय म्हणेल. माझ्या दुपारींची मात्र या सोयीने पार वाट लावली आहे.

परवा डायपोल या साध्या अँटेनाच्या तारेची लांबी ताडून पाहावी म्हणून 'सेव्हन्टी-थ्री'चा एक जुना अंक उघडला. १४३ ला मेगाहर्ट्‌झने भागले की मीटरमधली लांबी निघते, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्‌झला साधारण २० मीटर, हे मला पाठ आहे. तरीही छापलेले पाहिल्याशिवाय तार कापायला हात धजत नाही. अंक उघडला आणि तार राहिली बाजूला. वेन ग्रीन यांनी १९६० साली सुरू केलेले हे अमेरिकी मासिक २००३ पर्यंत चालले आणि त्याचे अंक आज इंटरनेट अर्काइव्हवर वाचायला मिळतात. ग्रीन यांचे संपादकीय म्हणजे एक प्रकरणच होते. आपल्या कॉलसाइनमधल्या, म्हणजे परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळखचिन्हातल्या, एन-एस-डी या अक्षरांवरून त्यांनी सदराला 'नेव्हर से डाय' असे नाव दिले होते, आणि तिथे ते पानेच्या पाने भांडत असत.

मी मासिक मागून वाचतो. वाचकांची पत्रे, छोट्या जाहिराती आणि विशेषतः शुद्धिपत्रे. फेब्रुवारीच्या आकृतीत एखादा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा छापला गेला असेल, तर त्या वेळच्या वाचकाला धूर पाहून झाल्यावर एप्रिलपर्यंत खुलाशाची वाट पाहावी लागे. मी एप्रिलचा अंक आधी उघडतो.

पत्रांतली तक्रार तर पिढ्यान्‌पिढ्या एकच. ठिणगीचे ट्रान्समीटर जाऊन सलग लहरी आल्या तेव्हा खरा रेडिओ संपला. मग आवाज पाठवण्याची सिंगल साइडबँड ही नवी पद्धत आली, जी जुन्या पद्धतीच्या, एएमच्या रिसीव्हरवर बदकाच्या बडबडीसारखे ऐकू येते, तेव्हा तो पुन्हा संपला. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतून परवान्यासाठीची मोर्सची सक्ती उठली, २०१७ मध्ये एफटी-८ ही संगणकी संदेशपद्धत आली आणि पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने संगणकच एकमेकांशी बोलू लागले. आता तर मीही तसे पत्र लिहिण्याच्या बेतात आहे.

लहानपणी शॉर्टवेव्हचे वेड लागले तेव्हा कोणाकडून तरी असाच एक अंक वाचायला मिळाला होता. त्यात एका व्हॉल्व्हच्या रीजनरेटिव्ह रिसीव्हरची सुरेख आकृती होती. पण कॉइलला वेढे किती द्यायचे हे ज्या मागच्या पानावर होते, ते पान कोणीतरी ब्लेडने कापून नेले होते. त्या अनोळखी माणसावर मी बरीच वर्षे राग धरला. आता पडद्यावर अंक चाळताना तसलेच कोणीतरी अधूनमधून भेटते. वर्गणीचे कूपन कापून घेतलेल्या जागी चौकोनी भोक असते आणि त्यातून पुढच्या पानावरचे दोन-तीन शब्द डोकावतात. समासात पेन्सिलने केलेले गुणाकार असतात, एखाद्या रेझिस्टरची किंमत खोडून शेजारी दुसरी लिहिलेली असते. मला अशाच प्रती आवडतात. कोऱ्या अंकातले सर्किट कोणी जोडून पाहिले की नाही, हे कळायला मार्ग नसतो.

आणि 'सायलेंट की'. निवर्तलेल्या हौशी मंडळींची ती यादी, बारीक टाइपात, एका ओळीत एक कॉलसाइन आणि नाव. मी ती सहसा ओलांडून जातो. त्या दिवशी मात्र एका कॉलसाइनपाशी नजर अडकली, कारण आदल्याच रात्री चाळीस मीटरच्या पट्ट्यावर मी ते ऐकले होते. त्यात गूढ काही नाही. जुनी कॉलसाइन्स कालांतराने नव्या परवानाधारकांना मिळतात, आणि क्वचित एखादा नातू आजोबांचे मुद्दाम मागूनही घेतो. हा त्यांपैकी कोण, ते मला माहीत नाही. पुढे एकदा तो मोर्सवर पुन्हा भेटला, तेव्हा विचारावेसे वाटले होते. पण त्याच्यामागे दहाजण ताटकळत होते, म्हणून नेहमीचा पाच-नऊ-नऊ, म्हणजे 'उत्तम ऐकू येते', असा रिपोर्ट दिला आणि फ्रिक्वेन्सी सोडली.