बँकॉक ते अयुथ्या: तांदळाच्या बोटीत एक रात्र

जानेवारीत थायलंडला जाऊन आलो, मी, नवरा आणि सासूबाई. आई नागपूरच्या, वय ६८, गुडघे दुखतात, पण बुद्धाच्या देशात जायचं म्हणून वर्षभर तयारी चालली होती त्यांची. अयुथ्या बँकॉकपासून जेमतेम ८० किलोमीटर, त्यामुळे बहुतेक जण सकाळी एसी बसने जातात, देवळांसमोर फोटो काढतात आणि संध्याकाळी मॉलमध्ये परत. आम्ही जाताना चाओ फ्राया नदीने गेलो, रात्र बोटीवर काढली आणि येताना ट्रेन पकडली. ज्यांना एक दिवस जास्त काढता येतोय त्यांनी असंच करा, अगदी मनापासून सांगतेय.

बोट म्हणजे पूर्वी तांदूळ वाहायची ती सागवानी बोट, गोल फुगलेल्या पोटाची, आता त्याच पोटात केबिन केल्यात. दिसायला फारच सुंदर, पण केबिनमध्ये उतरायचा जिना अरुंद आणि उभा होता आणि हे आम्हाला बुकिंगच्या वेळी कोणीच सांगितलं नव्हतं. रात्री दोनदा आईंना हाताला धरून वर-खाली करावं लागलं. त्यामुळे घरात कोणी वयस्कर येणार असेल तर केबिन खाली आहे की डेकच्या लेव्हलला, जिन्याला कठडा आहे का आणि बाथरूम आतच आहे का, हे तीन प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. मोठी सुटकेस बँकॉकच्या हॉटेलात ठेवून एका रात्रीपुरती सॅक घ्या, केबिनमध्ये बॅग उघडायला जागा नसते.

दुपारी निघालो. पहिला तासभर काचेच्या इमारती, पूल, आणि त्या लांब शेपटीच्या होड्या ज्यांना गाडीचं इंजिन लावलेलं असतं, कान बसतात त्यांच्या आवाजाने. मग बँकॉकला लागून असलेलं नोन्थाबुरी मागे पडलं की नदी शांत होत जाते. एकच टगबोट तीन-चार बार्जेसची (म्हणजे माल वाहणाऱ्या मोठ्या होड्यांची) माळ ओढत नेते, वाळू भरलेल्या बार्जेस इतक्या खोल बसलेल्या की आता बुडतील असं वाटतं, आणि त्यातल्याच एकीवर कोणाचे तरी कपडे वाळत घातलेले, म्हणजे माणसं तिथेच राहतात.

वाटेत को क्रेत लागतं. १७२२ मध्ये नदीचं वळण कापायला कालवा खणला आणि मधला तुकडा बेट झाला. इथे मूळच्या बर्माकडच्या मोन लोकांची वस्ती आहे, लाल मातीची कोरीव भांडी करतात, आणि काठावर एक पांढरा स्तूप नदीकडे चक्क कललेला आहे. बाजार खरा भरतो शनिवार-रविवारी, त्यामुळे तारीख निवडताना ते बघा, आम्ही बुधवारी गेलो तर निम्मी दुकानं बंद.

संध्याकाळी पाण्यावर हिरवे पुंजके वाहत यायला लागले, बघितलं तर आपली जलपर्णी! थाईमध्ये तिच्या नावातच ‘जावा’ आहे, कारण ती तिकडूनच आणलेली. अंधार पडता पडता एका छोट्या वाटच्या (म्हणजे विहाराच्या) धक्क्याला बोट बांधली. विहारासमोर मासे धरत नाहीत म्हणून तिथे हातभर लांबीचे मासे नुसते गर्दी करून असतात, पावाचा तुकडा टाकला की पाणी उकळल्यासारखं होतं. डास भरपूर, ओडोमॉस घरूनच न्या आणि पूर्ण बाह्यांचे कपडे ठेवा.

आता खरं सांगायचंय ते सकाळचं. साडेपाचला उठा, काहीही झालं तरी उठा. धुकं होतं, इंजिन बंद, पलीकडच्या काठावर कोंबडा आरवत होता आणि एक भिक्खू एकटेच छोटी होडी वल्हवत घरोघरी भिक्षेला निघाले होते. लाकडी घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, तिथे बायका भाताचा डबा घेऊन वाट बघत बसलेल्या. मग भिक्खू आमच्या बोटीपाशी आले. बोटीवरच्या स्वयंपाकीणबाईंनी आईंच्या हातात गरम भात आणि केळी दिली. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नसतो, सरळ पात्रात ठेवायचं, चप्पल काढून. मग त्यांनी पालीत आशीर्वाद म्हटला आणि शेवटी ‘आयु वण्णो सुखं बलं’ आलं तेव्हा आई त्यांच्याबरोबरच म्हणायला लागल्या. गेली चाळीस वर्षं त्या रोज त्रिसरण-पंचशील म्हणतात. भिक्खूंनी एकदा वर बघितलं आणि हसले. स्वयंपाकीणबाई ‘साथु’ म्हणाल्या, आई ‘साधु’ म्हणाल्या. एकमेकींची भाषा दोघींना येत नव्हती पण नंतर अर्धा तास त्या शेजारी बसून होत्या.

जेवणाचं: आई शाकाहारी, बुकिंगला तसं कळवलं होतं तरी भाजीत फिश सॉस होताच. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘मांगसाविरात’ म्हणा, हा आपला मांसविरती शब्दच आहे, पण त्यात अंडं चालतं. कांदा-लसूणही नको असेल तर ‘जे’ म्हणा, आणि वर ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे फिश सॉस घालू नका. हे थाई लिपीत फोनवर ठेवून दाखवा. थोडे खाकरे, चटणी जवळ असू द्या.

दुसऱ्या दिवशी बांग पा-इनचा राजवाडा, तळ्यातला मंडप छान आहे पण मला जास्त आवडला तो समोरच्या बेटावरचा विहार, १८७८ चा, बाहेरून हुबेहूब चर्च, आत बुद्ध. तिथे तारेवरून सरकणाऱ्या छोट्या पाळण्यात बसून नदी ओलांडायची. मग दुपारी अयुथ्या. १३५० मध्ये वसलेली राजधानी, १७६७ मध्ये बर्मी सैन्याने जाळली, नाव अयोध्येवरून. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं शिर आहे, फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं त्याच्यावर जाऊ द्यायचं नाही. वाट फानान चोएंगची बसलेली मूर्ती १९ मीटर उंच, आणि राजधानी वसायच्या २६ वर्षं आधीची, १३२४ ची. आई तिथून उठायलाच तयार नव्हत्या. खांदे-गुडघे झाकलेले हवेत सगळीकडे. अयुथ्यात एक रात्र राहा, ऊन उतरल्यावर अवशेष बघा, दुपारी विटा तापून पाय भाजतात.

बोट घेताना वर जाणारी घ्या, शहराकडून गावाकडे, उलट दिशेला शेवटी ट्रॅफिकमध्येच उतरायचं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सप्टेंबर-ऑक्टोबरला नदी फुगते, तेव्हा नको. लॉय क्रथाँगचा सण जमला तर बघा, नदीत दिवे सोडतात, आपल्या कार्तिकी पौर्णिमेच्या आसपासच येतो. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली तर बंद करा. परतीची ट्रेन साधारण दीड-दोन तास घेते, थर्ड क्लासचं तिकीट अगदी स्वस्त, खिडक्या उघड्या आणि दोन्ही बाजूला भातशेती. आईंना खिडकी दिली.