खोट्या पेशीचा आकडा जागेवर आला: ११० मिलिव्होल्ट

मंडळी, ११० मिलिव्होल्ट! पेशीच्या पटलावर व्होल्टेज कसा उभा राहतो ते दाखवणारी एक खोटी पेशी मी घरी मांडली आहे. तीन आठवडे हट्टाने दुप्पट येणारा आकडा काल रात्री साडेअकराला जागेवर आला. लगेच लिहायला बसलो होतो, पण आधी तीनदा मोजून खात्री केली.

मांडणी मागचीच. ॲक्रिलिकचे दोन कप्पे, मध्ये फक्त धन आयन जाऊ देणारा पडदा. ‘आत’ १०० मिलिमोलर (मोलर, मिलिमोलर ही द्रावणाच्या तीव्रतेची मापं) पोटॅशियम क्लोराइड, ‘बाहेर’ १ मिलिमोलर. पोटॅशियम बाहेर सरकतं, क्लोराइड मागे राहतं, आतली बाजू ऋण होते आणि तोच ऋण भार पुढच्या पोटॅशियमला मागे खेचतो. दोन्ही ओढी तुल्यबळ झाल्या की उरतो तो समतोलाचा, म्हणजे नेर्न्स्टच्या सूत्राचा व्होल्टेज. २५ अंश सेल्सियसला तीव्रतेतल्या दसपट फरकाला ५९ मिलिव्होल्ट, म्हणजे शंभरपटीला ११८. दाट द्रावणात आयनांचा प्रभाव थोडा कमी पडतो, तो हिशोब धरला की साधारण ११३. आणि माझा मीटर दाखवत होता २२१.

पहिला संशय मीटरआधी लावलेल्या ॲम्प्लिफायरवर, कारण पावसाळी हवेत बोर्डावरून करंट झिरपतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून ॲम्प्लिफायरची नवी चिप, सीए३१४०, आणली, बोर्ड स्पिरिटने पुसला, वाळवला. २२१. शेवटी ॲम्प्लिफायर काढून साधा १० मेगाओहमचा मल्टीमीटर लावला, तरी २२१. या पडद्याचा रोध इतका कमी आहे की त्याला ॲम्प्लिफायर लागतच नाही. नवीन मांडणी करणाऱ्यांनी आधी मल्टीमीटरच लावावा.

मग इलेक्ट्रोड. दोन्ही चांदीच्या तारा एकाच पेल्यात बुडवल्या तर फरक जेमतेम १ मिलिव्होल्ट. डावी-उजवी अदलाबदल केली, आकडा तसाच. म्हणून त्यांना निर्दोष ठरवलं, आणि तिथेच आठवडा गेला.

वाट सापडली ती १०० विरुद्ध १० च्या मापनात. हवे होते ५५, आले १०९. कुठे पाणी मुरत असतं तर आकडा कमी आला असता. दोन्ही वेळा जवळजवळ नेमका दुप्पट येतो, म्हणजे तोच फरक दोनदा मोजला जातोय! ब्लीचमध्ये ठेवून तारांवर जो करडा थर आणला, तो सिल्व्हर क्लोराइडचा. त्याचं स्वतःचं विभव (विजेची पातळी) भोवतालच्या क्लोराइडवर ठरतं. पातळ द्रावणात ते वर चढतं. पडदा पोटॅशियमचा फरक सांगत होता, तारा क्लोराइडचा, आणि दोन्हींची दिशा एकच. तारांची अदलाबदल करून काही कळणार नव्हतंच, कारण प्रत्येक तार ज्या द्रावणात जाईल त्याचंच विभव घेते.

पडताळा म्हणून पडदा काढून टाकला. दोन पेले, मध्ये क्षाराचा पूल (दोन द्रावणं विजेने जोडणारी, क्षार भरलेली नळी), तारा थेट द्रावणांत. पडदा नाही आणि तरी मीटरवर १११!

पूल घरीच केले. १०० मिलिलिटर पाण्यात २२ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि ३ ग्रॅम चायना ग्रास मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळलं, आणि गरम असतानाच फिशटँकच्या नळीत सिरिंजने ओढलं. एक बुडबुडा राहिला तरी मीटर भरकटतो. उजेडासमोर धरून नळ्या निवडाव्या लागतात. खताचं लाल पोटॅश इथे वापरू नका, त्यात मीठ आणि लोह असतं. आता दोन्ही तारा सारख्याच ३ मोलर द्रावणात बसतात, आणि पूल कप्प्यांत उतरतात. ११०.

नवी अडचण लगेच हजर झाली. वीस मिनिटांत ११० चे ९७ झाले. पुलातून पोटॅशियम क्लोराइड झिरपतंय. ५० मिलिलिटरच्या पातळ कप्प्यात ३ मोलरचे दहा-अकरा मायक्रोलिटर मिसळले तरी एवढी घसरण होते. याउलट, खऱ्या पेशीच्या पटलावर १०० मिलिव्होल्ट उभे करायला चौरस सेंटिमीटरला मोलच्या लाख कोटी भागांतला फक्त एक भाग आयन पुरतात. आतलं-बाहेरचं प्रमाण जवळपास हलत नाही. हा हिशोब मांडून झाल्यावर मी बराच वेळ नुसता त्या कप्प्याकडे पाहत होतो.

पुढे सोडियम घालायचं ठरलं होतं. पण हा पडदा सोडियम-पोटॅशियममध्ये फारसा भेद करत नाही. खऱ्या चेतापेशीत पोटॅशियमचा समतोल उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास असतो आणि थोडं सोडियम आत झिरपतं म्हणून विराम, म्हणजे पेशी शांत असतानाचा व्होल्टेज, उणे ७० वर येतो. हॉजकिन आणि कॅट्झ या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्याच्या अक्षतंतूसाठी (चेतापेशीचा लांब तंतू) सोडियमची पारगम्यता, म्हणजे पटलातून जाण्याची सुलभता, पोटॅशियमच्या ०.०४ पट धरली होती. हा भेद माझ्या पडद्यात नाही, म्हणून सोडियमचा प्रयोग तूर्तास थांबेल.

आणि हे लिहितानाच सुचलं: पातळ कप्प्यावर सलाईनचा सेट लावला तर? ताजं द्रावण थेंबथेंब येत राहील, झिरपलेलं वाहून जाईल. शिवाय बाटली बदलून बाहेरचं पोटॅशियम १ वरून ३, १०, ३० करता येईल, म्हणजे पडदा न हलवता आलेखाची पूर्ण रेघ मिळेल. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाच्या पेशींचा विराम का वर सरकतो, ते याच रेघेवर दिसेल.

सेट घरात पडून आहे, कोपऱ्यातल्या मेडिकलमधून मागे आणलेला. कप्प्याच्या काठाला खाच पाडायची आहे, बादली खाली ठेवायची आहे. १ मिलिमोलरचं दोन लिटर द्रावण आत्ताच करून ठेवलंय.