आमची वाटचाल : खिडकीच्या आतली माणसं

विद्यापीठ म्हटलं की लोकांना प्राध्यापक आठवतात, कुलगुरू आठवतात, दीक्षान्त समारंभाचे झगे आठवतात. आम्ही काम करतो ते परीक्षा, पात्रता, संलग्नता, आस्थापना, लेखा आणि आवक-जावक या विभागांतल्या माणसांसोबत. गुणपत्रक, स्थलांतर प्रमाणपत्र, ट्रान्सक्रिप्ट यांसाठी विद्यार्थी ज्या खिडकीसमोर उभा राहतो, तिच्या आत बसलेली ही माणसं. विद्यार्थ्याच्या लेखी तीच विद्यापीठ असतात. त्यांच्यासाठी आम्ही गट-कोचिंग चालवतो. एका गटात सहा ते आठ जण, दर पंधरा दिवसांनी दीड तास, सलग सहा महिने.

2015 साली कोल्हापुरात आम्ही दोघांनी हे सुरू केलं. मी त्याआधी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या, मनुष्यबळ विभागात होते. तिथे क्वालिटी सर्कल चालायची. ही पद्धत 1962 मध्ये जपानात सुरू झाली आणि नंतर आपल्याकडच्या कारखान्यांत रुजली. कारखान्याच्या एकाच विभागातले कामगार ठरलेल्या वेळी एकत्र बसतात, स्वतःच्या कामातली अडचण फळ्यावर मांडतात आणि तिच्या मुळाशी जातात. साच्यात वाळू का धरत नाही, हे भट्टीशेजारी वीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाइतकं कुणालाच सांगता येत नाही, हे मी तिथे रोज बघितलं.

माझे भागीदार विद्यापीठातून उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालेले. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि एकेक पायरी चढत गेले. त्यांना सगळे 'सर' म्हणतात, मीही म्हणते. आमची ओळख झाली तेव्हा सरांच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. प्राध्यापकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 1987 पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली. उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग झाले, ते पदोन्नतीला जोडले गेले. शिक्षकेतर कर्मचाऱ्याला मात्र नोकरीच्या सुरुवातीला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्दांचं टंकलेखन, मग एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम, आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत अधूनमधून एखादी कार्यशाळा. "नियम त्यांना तोंडपाठ असतात हो," सर म्हणायचे, "पण हे काम आणखी चांगलं कसं होईल, असं त्यांना आयुष्यात कुणी विचारत नाही."

सुरुवातीला विद्यापीठांकडून मागणी यायची ती कार्यशाळेचीच. सभागृहात शे-सव्वाशे लोक, दीपप्रज्वलन, दोन व्याख्यानं, जेवण, प्रमाणपत्र. अशा कार्यशाळा आम्ही आजही घेतो, त्यातून कार्यालयाचं भाडं आणि दोन सहकाऱ्यांचे पगार निघतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला 30 दिवसांत उत्तर कसं द्यायचं, नवीन पोर्टल कसं वापरायचं, हे सभागृहात शिकवता येतं. पण काल शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र आज आपला अधीक्षक झाला तर त्याच्याशी कसं वागायचं, किंवा आपणच अधीक्षक झालो आणि जुनी मंडळी हजेरीपत्रकावर उशिरा सही करू लागली तर काय करायचं, याला सभागृह उपयोगाचं नाही. त्याला दार लावून बसलेले सात-आठ जण लागतात.

ही पद्धत आम्ही काही शून्यातून उभी केली नाही. ब्रिटनमध्ये रेग रेव्हन्स नावाच्या गृहस्थांनी दुसऱ्या महायुद्धानंतर कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना असंच छोट्या गटांत बसवलं होतं. एकाने आपली खरी अडचण सांगायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, पुढच्या वेळेपर्यंत काहीतरी करून बघायचं आणि परत येऊन सांगायचं. आम्ही ते आपल्या कचेऱ्यांच्या रीतीप्रमाणे बसवून घेतलं. पहिला नियम असा की पहिल्या फेरीत सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं. कचेरीत मुरलेल्या माणसाला हे फार जड जातं. तुमची अडचण ऐकता ऐकताच त्याच्या डोळ्यांसमोर शासन निर्णय आणि त्याचा दिनांक उभा राहिलेला असतो. दुसरा नियम, एका गटात साहेब आणि त्यांच्या हाताखालचा माणूस एकत्र नसतील. दर्जा साधारण सारखा, विभाग वेगवेगळे. तिसरा नियम आमच्यासाठी सगळ्यांत मोलाचा आहे. गटात बोललेलं गटाबाहेर जाणार नाही.

या तिसऱ्या नियमावर आमचा सगळा व्यवसाय उभा आहे आणि त्यापायी आम्ही कामंही सोडली आहेत. करारात त्याचं स्वतंत्र कलम असतं. विद्यापीठाला आम्ही दोनच गोष्टी देतो. एक, उपस्थिती. दुसरी, गटाने मिळून लिहिलेल्या आणि सगळ्यांनी सही केलेल्या सूचना. कोण काय बोललं, कुणाची तक्रार काय, कुणाला काय येत नाही, यातलं अक्षरही कागदावर येत नाही. वरिष्ठ कार्यालयातून आग्रह होतो. "मॅडम, निदान कामचुकार कोण आहेत तेवढं तरी सांगा." त्यांची गरज मला समजते, खर्च विद्यापीठाचा होतोय. पण लिपिकाने एकदा मन मोकळं केलं आणि ते गोपनीय अहवालाच्या, म्हणजे साहेबांनी दरवर्षी लिहायच्या मूल्यमापनाच्या, वेळी पुढे आलं, तर त्या इमारतीत पुन्हा कुणीही आमच्यासमोर तोंड उघडणार नाही. एका विद्यापीठाने या मुद्द्यावर पुढच्या वर्षीचं काम दिलं नाही. दुसरीकडे कुलसचिवांनी स्वतः ते कलम अधिक कडक करून घेतलं. आपल्या विद्यापीठात लोक एकमेकांशी खरं बोलतात, एवढं मला पुरे आहे, असं ते म्हणाले.

गटात होतं काय, ते एका उदाहरणावरून सांगते. संबंधित ताईंची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

पदवी प्रमाणपत्राच्या टेबलावर त्या वरिष्ठ सहायक होत्या. प्रमाणपत्रावर नाव देवनागरीत आणि इंग्रजीत, दोन्हीत छापतात. इंग्रजी नाव बारावीच्या गुणपत्रकाशी जुळतं, देवनागरीत गोंधळ होतो. साठ्ये असतील तर साठे छापलं जातं, गाडेचं गडे होतं, आईच्या नावात कमळचं कमल होतं. दीक्षान्त समारंभ झाला की दुरुस्तीचे अर्ज सुरू. प्रत्येक अर्जासोबत मूळ प्रमाणपत्र परत घ्यायचं, नोंदवही बघायची, टिपणी लिहायची, मान्यता घ्यायची, पुन्हा छपाईला पाठवायचं. परगावाहून आलेली मुलं खिडकीवर चिडायची आणि ऐकून घ्यायच्या त्या याच. त्यांनी गटापुढे मागणी ठेवली : मला मदतीला एक माणूस हवा, तो कसा मागू?

लेखा विभागातल्या एका भाऊंनी, ज्यांचा त्या टेबलाशी कधी संबंध आला नव्हता, विचारलं, "ताई, हे नाव देवनागरीत पहिल्यांदा टाइप कोण करतं?" त्या म्हणाल्या, महाविद्यालयातून येतं. "आणि मुलगा ते छापायच्या आधी बघतो कधी?" ताई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "बघतच नाही. प्रमाणपत्र हातात पडल्यावरच बघतो." मग परीक्षा विभागातल्या एकाने सांगितलं, परीक्षा अर्जावर आम्ही फक्त इंग्रजी नाव दाखवतो. संगणक विभागातले गृहस्थ म्हणाले, देवनागरी नावाचा रकाना प्रणालीत आधीपासून आहे, फक्त अर्जावर दिसत नाही, कुणी मागितलाच नव्हता.

ताईंनी त्याच आठवड्यात टिपणी टाकली. परीक्षा अर्जावर देवनागरी नाव दाखवावं, विद्यार्थ्याने ते तपासून खूण केल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ नये, मान्यतेस्तव सादर. फाइल 'चर्चा' असा शेरा घेऊन परत आली. विद्यापीठात अशा शेऱ्यानंतर फाइल कपाटात जाणं नवीन नाही, कारण साहेबांच्या दालनात जाऊन बोलायचं कुणी, हा प्रश्न असतो. पुढच्या बैठकीत गटाने त्यांची तयारी करून घेतली. साहेब काय विचारतील, खर्च किती, महाविद्यालयं तक्रार करतील का, जुन्या विद्यार्थ्यांचं काय. लेखावाले भाऊ सरावापुरते साहेब झाले आणि त्यांनी एकही प्रश्न सोडला नाही. ताई स्वतः उपकुलसचिवांशी बोलून आल्या आणि मान्यता मिळाली. पुढच्या दीक्षान्त समारंभानंतर दुरुस्तीचे अर्ज आले, पण टेबलावरचा ढीग डोळ्यांना दिसेल इतका उतरला होता. त्यांनी मग जादा माणूस मागितला नाही. आज त्या सहायक अधीक्षक आहेत.

यात आम्ही काय केलं, असं कुणी विचारलं तर मी सांगते : जागा धरून ठेवली, वेळ पाळली आणि मधेच सल्ला देणाऱ्यांना थांबवलं. उत्तर त्या इमारतीतच होतं, चार वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरलेलं.

मधल्या काळात विद्यापीठांचं कामच बदलून गेलं. 1994 चा कायदा जाऊन महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 आला, तो 1 मार्च 2017 पासून लागू झाला. शेवटच्या पेपरनंतर 30 दिवसांत आणि उशिरात उशिरा 45 दिवसांत निकाल लावण्याचं बंधन जुन्या कायद्यातही होतं, नव्यातही आहे. ते पाळायचं ओझं ज्यांच्यावर येतं त्या परीक्षा विभागात निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या गेलेल्या नाहीत. मग 2020 साली टाळेबंदी आली, परीक्षा ऑनलाइन झाल्या. आमचे गट फोनवर भरू लागले, आणि त्या काळात लोकांनी कामापेक्षा घरचंच जास्त सांगितलं. आम्ही ते थांबवलं नाही. त्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, अभ्यासाच्या तासांवर मोजले जाणारे क्रेडिट, आणि ते विद्यार्थ्याच्या नावावर जमा करणारी अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला नवी रचना आली, तेव्हा मुख्य विषय कुठला, गौण कुठला, कुणाचे क्रेडिट कुठे जमा झाले, हे सगळे फोन प्राचार्यांकडून याच टेबलांवर आले. त्या वर्षी गटांना विषय शोधावा लागला नाही.

2023 च्या फेब्रुवारीत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं राज्यव्यापी आंदोलन झालं. आश्वासित प्रगती योजना (पदोन्नती मिळाली नाही तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी), सातव्या वेतन आयोगातले राहिलेले प्रश्न, रिक्त जागा. आमचे गट तेव्हा बंद होते. आम्हाला काही अधिकाऱ्यांनी विचारलं, तुमच्या गटांतून लोकांची समजूत काढता येईल का. मी नाही म्हटलं आणि ते मला आजही योग्य वाटतं. पगार, पदोन्नतीच्या जागा, वेतनश्रेणी हे हक्काचे प्रश्न आहेत, ते संघटना आणि शासन यांच्यातच सुटायला हवेत. व्यावसायिक वाढ म्हणजे हक्काच्या बदल्यात दिलेलं समाधान, असं कुणाला वाटलं तर या कामाचा पायाच खचेल. आंदोलन मिटल्यावर गट पुन्हा भरले आणि संघटनेत पुढे असलेली काही मंडळी स्वतःहून आत आली.

कंत्राटी आणि रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही आमचा आग्रह आहे. त्यांच्या प्रशिक्षणासाठी लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाचं स्वतंत्र खातं, नाही, असं सांगितलं जातं. आम्ही पैसे माणशी घेत नाही, गटामागे घेतो. त्यामुळे आठातल्या दोन जागा कंत्राटी सहकाऱ्यांना दिल्या तर विद्यापीठाचा खर्च वाढत नाही. एकाच खिडकीत बसून तेच काम करणाऱ्या मुलीला बाहेर ठेवून आत 'सहकार्य' या विषयावर बोलायचं, हे मला जमत नाही.

व्यवसायाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नवीन मंडळी विचारतात. विद्यापीठासोबत काम करायचं तर वर्षाचं वेळापत्रक परीक्षांप्रमाणे लावावं लागतं. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर कुणाला मान वर करायला फुरसत नसते. आमचे गट जुलैमध्ये आणि डिसेंबरमध्ये सुरू होतात. परीक्षेच्या दिवसांत बैठक अर्ध्या तासाची होते, पण मोडत नाही. तीन दरपत्रकं, खरेदी समिती, मान्यता यात महिने जातात. बिल मिळायलाही वेळ लागतो आणि मार्चअखेरीला ते निघालं नाही तर पुढच्या अंदाजपत्रकाची वाट बघावी लागते. आम्ही सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय नवीन गट घेत नाही. आमची वाढ हळू झाली ती यामुळेच, आणि त्याबद्दल सरांची किंवा माझी काही तक्रार नाही.

आता आम्ही जे करतो आहोत त्याने मला सगळ्यांत जास्त आनंद होतो. जुन्या गटांतल्या काही अधीक्षकांना आम्ही गट चालवायला शिकवतो आहोत. प्रश्न कसा विचारायचा, गप्प बसलेल्याला कसं बोलतं करायचं, रडू आलं तर काय करायचं, आणि सल्ला द्यायची उबळ कशी आवरायची. दोन विद्यापीठांत असे गट आमच्याशिवाय भरतात. तिथून आम्हाला पैसे मिळत नाहीत, अडलं तर फोन येतो, एवढंच. येत्या जुलैपासून संलग्न महाविद्यालयांतल्या कार्यालयीन अधीक्षकांचे गट तालुक्याच्या ठिकाणी सुरू करायचे आहेत. महाविद्यालयात कार्यालयाची सगळी जबाबदारी पुष्कळदा एकट्या अधीक्षकावर असते आणि त्याला बोलायला बरोबरीचं कुणीच नसतं. गडहिंग्लज आणि इस्लामपूरची (आताचं ईश्वरपूर) जागा ठरली आहे. कराराचा मसुदा सरांनी लिहायला घेतला आहे. गोपनीयतेचं कलम त्यात पहिल्या पानावर आहे.